मोठ्या तलावात एकट्याने कॅनोचा लांबचा प्रवास करताना किनाऱ्यापासून किती अंतर ठेवावं?
लाइफ जॅकेट घालून पाच-सात मिनिटांत पोहत गाठता येईल इतकंच, म्हणजे साधारण 100 ते 150 मीटर. किनारा आत वळला की सरळ कापून जायचा मोह टाळा. 10 अंशांच्या पाण्यात पहिलं मिनिट श्वास सावरण्यातच जातं, दहाएक मिनिटांत हातपाय चालेनासे होतात, आणि लाटांमध्ये उलटलेल्या कॅनोत एकट्याने परत चढणं जवळपास अशक्यच. वारा बहुधा दुपारी वाढतो, म्हणून पहाटे निघा. तो समोरून असेल तर सामान पुढे सरकवा, नाहीतर कॅनोचं वर उचललेलं पुढचं टोक वाऱ्याबरोबर फिरतं. किनाऱ्याजवळ राहण्याला अपवाद उभ्या कड्यांचा: तिथे आपटून परतणाऱ्या लाटा आडव्यातिडव्या उसळतात आणि उतरायलाही जागा नसते. तो टप्पा थोडं बाहेरून, वारा पडलेला असतानाच पार करा.