वाचकांचे प्रश्न : फ्लू, फुप्फुसं आणि वजनाचा काटा

प्रश्न : फ्लूमुळे झालेल्या न्यूमोनियाने भावाला ॲडमिट केलंय, ऑक्सिजन चालू आहे. वय ४२, उंची १७० सेंटिमीटर, वजन ११० किलो. शुगर नाही, बीपी नाही. तरी डॉक्टर म्हणतात, वजनामुळे धोका जास्त. असं का?

उत्तर : त्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३८ येतो, म्हणजे लठ्ठपणा. शुगर नसली तरी लठ्ठपणा स्वतःच धोका वाढवतो, हे २००९च्या स्वाइन फ्लूमध्ये ठळकपणे दिसलं, कोविडमध्ये पुन्हा दिसलं. पोटातली चरबी श्वासपटलाला वर रेटते. उताणं झोपलं की फुप्फुसांचा तळ मिटतो आणि तिथून जाणारं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे सरकतं. त्यात न्यूमोनिया.

म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. मात्र पेशंट खाली घसरला की कंबरेऐवजी पोटात दुमडतो आणि सगळा फायदा जातो. नर्सना सांगून त्यांना वर सरकवून घ्या.

ते जोरात घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, दिवसा पेंगतात का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. अशा काही जणांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. त्यांना भरमसाट ऑक्सिजन देणं बरं नव्हे. त्यांचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) साधारण ८८ ते ९२ टक्के ठेवतात. झोपेची गोळीही जपूनच.

व्हेंटिलेटर लागलाच, तर एका श्वासाची हवा उंचीवरून ठरते. १७० सेंटिमीटरच्या पुरुषाचं, उंचीवरून काढलेलं हिशेबाचं वजन ६६ किलो. किलोमागे ६ मिली धरले तर जेमतेम ४०० मिली. ‘एवढ्या धिप्पाड माणसाला एवढीशीच हवा?’ असं घरच्यांना वाटतं. पण वजन वाढलं म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत. ११० किलोवर हिशेब केला तर ६६० मिली होतील आणि फुप्फुसांना इजा होईल. रक्ताच्या गुठळ्या टाळणाऱ्या इंजेक्शनचं उलटं आहे. तिथे खरं वजन बघावं लागतं, नेहमीचा डोस अपुरा पडू शकतो. बीपीचा पट्टाही दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो.

प्रश्न : ॲडमिट असतानाच जेवण कमी करून वजन उतरवलं तर?

उत्तर : नको. तापात आणि पडून राहण्यात आधी स्नायू झिजतात, त्यात श्वासाचेही आले. प्रथिनं कमी पडू देऊ नका. किती द्यायची ते आहारतज्ज्ञ ठरवतील. वजनाचं घरी गेल्यावर बघू.