एका रायफलीत दोन काडतुसं

प्रश्न : सुभेदारसाहेब, मे महिन्यात मुलाकडे टेक्सासला होतो. त्याच्याकडे .३५७ ची लिव्हर-ॲक्शन, म्हणजे खालची कडी ओढून काडतूस भरायची, रायफल आहे. रेंजवर त्याने आधी स्वस्त म्हणून .३८ स्पेशलची पेटी संपवली, मग .३५७ मॅग्नम भरली. .३८ च्या गोळ्या सगळ्या नेमाच्या खाली लागल्या. मॅग्नमची काडतुसं तर आत जातानाच अडत होती आणि बार झाल्यावर रिकाम्या पितळी पुंगळ्या निघता निघेनात. मुलगा म्हणतो काडतुसं खराब, मी म्हणतो रायफल बिघडली. खरं काय? आणि दोन पुंगळ्या आठवण म्हणून आणल्या असत्या तर चाललं असतं का?
— एक आंबा बागायतदार, गुहागर

उत्तर : पैज लावली असेल तर दोघंही हरलात. काडतुसं बरी, रायफलही बरी. चेंबर, म्हणजे नळीच्या मुळाशी काडतूस बसतं ती जागा, तेवढी घाण झाली होती.

.३५७ मॅग्नम १९३५ साली आलं ते .३८ स्पेशलचीच पुंगळी लांबवून. जाडी तीच, लांबी तीन-साडेतीन मिलिमीटर जास्त. हे जोरकस काडतूस कुणी .३८ च्या हत्यारात चुकूनही भरू नये, म्हणून ही लांबी. उलट मात्र चालतं: .३५७ च्या रायफलीत .३८ बसतं. पण पुंगळी आखूड, तिचं तोंड अलीकडेच संपतं. पुढच्या तेवढ्याशा पट्टीत दर बाराला काजळी नि शिसं बसत जातं. पन्नास बारांनंतर तिथे कड धरते, दूध आटवलेल्या पातेल्याला धरते तशी. मग मॅग्नमची लांब पुंगळी त्या कडेवर घासते, बार झाला की फुगते आणि तिथेच चावून बसते. मुलाला सांगा, चेंबरला सॉल्व्हंट (काजळी सोडवणारं द्रावण) लावून दहा मिनिटं मुरू दे, मग ब्रॉन्झचा ब्रश, मग चिंधी. चिंधी पांढरी येईपर्यंत मॅग्नम भरायचं नाही, जोर लावून तर मुळीच नाही. आणि पुढच्या वेळी आधी मॅग्नम, मग .३८.

आता गोळ्या खाली का लागल्या ते. माझी नोकरी पलटणीच्या शस्त्रागारात गेली, पण लिव्हरवाली रायफल मी पाहिली ती निवृत्तीनंतर, ॲरिझोनात जावयाकडे. तो बार काढायचा, मी दुर्बिणीतून भोकं बघून वहीत टिपायचो. रायफलीचा नेम पन्नास यार्डांवर मॅग्नमने बसवलेला. गोळी दोन्ही काडतुसांत १५८ ग्रेनची. (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे तोळ्याला थोडी कमी.) .३८ ची भोकं पन्नासावर चार बोटं खाली पडली, शंभरावर चांगली दीड वीत. लांब नळीतून मॅग्नमची गोळी सेकंदाला १७०० ते १८०० फुटांनी सुटते, .३८ ची ९०० ते १००० फुटांनी. जी हवेत जास्त वेळ राहणार ती जास्त खाली येणार. आवाजही तसाच. मॅग्नमचा कानठळ्या बसवणारा कडाका; .३८ ची गोळी आवाजाच्या वेगाच्या आतच राहते, त्यामुळे बागेत नारळ पडावा तसा नुसता धप्प. मला तीच आवडली. कागदाला भोकंच पाडायची तर खांदा कशाला शेकून घ्या?

१२५ ग्रेनचं हलकं मॅग्नमही पाहिलं. सुटतं झपाट्याने, पण हलकी गोळी वेगही लवकर गमावते. शंभर यार्डांवर १५८ च्या तुलनेत मला तरी काही फायदा दिसला नाही.

एक पेटी मात्र पुरती फसली: पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसवलेल्या गोळीचं .३८. पिस्तुलाच्या नेमबाजीत उत्तम, पण लिव्हर ओढल्यावर काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीला ते फारच आखूड. तिरकं होऊन अडकलं, ते काढण्यात आमचा अर्धा तास गेला. आणि टोकदार कडक गोळी तर नकोच. नळीखालच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळकांड्यात, ती आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक असतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या टोपीवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या बुडाच्या टिकलीवर. धक्क्याने टोपी फुटली तर मॅगझिनमध्येच बार.

आपल्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक वापरणाऱ्यांना यातलं काही भोगावं लागत नाही. त्यांचं वैर पावसाळ्याशी: जुनं कागदी काडतूस दमटपणाने फुगलं की चेंबरमध्ये जात नाही.

पुंगळ्या आणल्या नाहीत ते बरं केलंत. स्कॅनरवर पितळ दिसलं की विमानतळावर उत्तरं देत बसायचं, आणि त्यात एखादं जिवंत काडतूस मिसळलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा. मी नेमाचा कागद घडी घालून आणला. मालवणच्या घरी भिंतीवर लावलाय. दोन पावसाळ्यांत बुरशीने मधलं काळं वर्तुळ गेलं. खालची दीड वीत तेवढी शाबूत आहे.