मेकॅनिकलमध्ये एम.टेक. करावं की नोकरीच चालू ठेवावी?

तुम्ही विचारलंय: बी.ई. मेकॅनिकल झालं, चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला दीड वर्ष झालं, हातात २२ हजार येतात, घरचे म्हणतात एम.टेक. कर. करू का?

मी भोसरीत तीन वर्षं काढून मग एम.टेक.ला गेलो, म्हणून लिहितोय. नुसता पगार वाढावा म्हणून जात असाल तर जाऊ नका. तेवढ्यासाठी कंपनी बदलणं स्वस्त पडतं. मी गेलो त्यामागे एक पत्र्याचा तुकडा होता.

आमच्याकडे जनरेटर सेटच्या इंजिनावर एअर क्लीनर धरणारा ब्रॅकेट बनायचा. तो बेंडपाशी तडकायचा. तक्रार आली, मीटिंग बसली, साहेब म्हणाले पत्रा ४ मिमीचा ५ करा. केला. आधी सहा महिने तग धरणारा ब्रॅकेट आता दीड महिन्यात परत यायला लागला! जाड केल्यावर लवकर तुटतो, हे कुणाच्या पचनीच पडेना. शेवटी प्रेसवाल्यावर बिल फाडून विषय मिटवला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना.

उत्तर मिळालं एम.टेक.मध्ये, व्हायब्रेशनच्या तासाला. वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सेट कायम १५०० आरपीएमवर चालतो, म्हणजे सेकंदाला २५ फेरे. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन फेऱ्यामागे दोन धक्के देतं, म्हणजे ५० हर्ट्झ. पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो, तेव्हा ४ चे ५ मिमी केले की तो जवळजवळ दुप्पट. वरचं एअर क्लीनरचं वजन तेवढंच. त्यामुळे नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे ब्रॅकेट आपणहून सेकंदाला जितक्या वेळा हलतो तो आकडा, १.४ पट झाली आणि पस्तीस-छत्तीसवरून थेट पन्नासच्या तोंडाशी आली. म्हणजे आम्ही पदरचे पैसे घालून ब्रॅकेट रेझोनन्समध्ये नेऊन बसवला होता, म्हणजे इंजिनाचे धक्के आणि त्याचं स्वतःचं हलणं एका तालात येऊन तो जास्तच हादरायला लागला. मूळ दुखणं बेंडच्या आतल्या रेडियसचं होतं. पत्रा दाबून वाकवणाऱ्या पंचची कड जरा गोल केली असती तरी भागलं असतं.

असं 'का तुटलं' शोधण्याचं काम ज्यांना रोज करायचंय त्यांना एम.टेक. लागतं, कारण सीएई (कॉम्प्युटरवर पार्टची ताकद तपासणं), एनव्हीएच (आवाज आणि कंपनं), आर अँड डी (संशोधन) असल्या विभागांत बी.ई.वाल्याला शिरकाव सहसा अवघड जातो. (आता मी तिथेच आहे. अर्धा दिवस मेशिंगमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टचे बारीक तुकडे पाडण्यातच जातो, ग्लॅमर वगैरे काही नाही.) प्रॉडक्शन, मेंटेनन्स, पर्चेसमध्येच वर चढायचं असेल, तर ती दोन वर्षं शॉपफ्लोअरवर घालवलेली बरी.

पैशाचं सांगतो. गेट (एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) पात्र होऊन पूर्णवेळ प्रवेश घेतला तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड असतो. माझ्या वेळी तोही दोन-दोन महिने अडकायचा. मेसवाल्या काकांनी उधारी चालवली म्हणून निभावलं. तुमच्या २२ हजारांशी फरक धरला तर दोन वर्षांत २,३०,४०० रुपये गेले, फी आणि बुडालेली पगारवाढ वेगळीच. घरी कर्जाचे हप्ते तुमच्या पगारावर असतील तर हा आकडा आई-वडिलांसमोर आधी ठेवा.

गेट न देता, फी भरून मिळेल त्या कॉलेजात एम.टेक. करू नका. गेट मात्र द्याच. स्कोअर तीन वर्षं चालतो आणि काही सरकारी कंपन्या त्यावर बी.ई.वाल्यांनाही मुलाखतीला बोलावतात. प्रवेश घेताना डिझाइन की थर्मल यावर रात्री जागवण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट कोणत्या गाइडकडे आणि कोणत्या लॅबमध्ये होतो ते तिथल्या सीनियरना विचारा. मला मुलाखतीत पाऊण तास फक्त प्रोजेक्टवर घोळवलं होतं.

आता तुम्ही क्वालिटीत आहात, म्हणजे रिजेक्शनचं रजिस्टर हाताशी असणार. त्यातला सारखा परत येणारा एक पार्ट निवडा. रविवारी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचं जुनं पुस्तक काढून तो का जातो ते कागदावर मांडून बघा. जेवायला हाका मारूनही उठावंसं वाटलं नाही, तर एम.टेक.ला जा. तासाभरात कंटाळून मोबाइल हातात आला, तर एम.टेक. नको, असं घरच्यांना मी सांगितलं म्हणून सांगा.