पोहता येत नाही, पण कोळंबीवर काम करायचंय

प्रश्न : मला समुद्री जीवशास्त्र शिकायचं आहे. पिस्तूल कोळंबीचा व्हिडिओ पाहिल्यापासून कोळंबीचंच वेड लागलंय. बाबा म्हणतात, एवढ्याशा जिवाचा कसला अभ्यास, समुद्रच हवा असेल तर देवमाशांचं काहीतरी कर. कोळंबी शिकून शेवटी कोळंबी वाढवायच्या तलावावरच नोकरी करावी लागेल. मला पोहता येत नाही आणि गणितात मी कच्ची आहे. हा नाद सोडू का?

उत्तर : सोडू नकोस. पण शेवटी तू दोन अडचणी एका दमात सांगितल्या आहेस, त्या आधी वेगळ्या करू या. पोहता न येणं ही किरकोळ गोष्ट आहे. गणित टाळणं मात्र तुला नक्की नडेल.

तुझ्या पिस्तूल कोळंबीचंच घे. तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते. ती नांगी मिटली की पाण्याची जोरदार धार सुटते आणि तिथला दाब एकदम उतरून बुडबुडा तयार होतो. तो बुडबुडा कोसळतो, तेव्हा फटाका वाजावा तसा आवाज येतो. नांगीची दोन टोकं एकमेकांवर आपटून तो आवाज होतो, असंच बरीच वर्षं धरून चालले होते. आवाज बुडबुड्याचा आहे हे २००० साली सिद्ध झालं, आणि ते दाखवणाऱ्या चमूत प्राणिशास्त्रज्ञ बार्बरा श्मिट्झ यांच्याबरोबर डेटलेफ लोझे यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ होते. पुढच्याच वर्षी असंही दिसलं की बुडबुडा कोसळताना क्षणभर प्रकाशही चमकतो. नुसत्या डोळ्यांना यातलं काही दिसलं नसतं.

हा कडकडाट दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना फार छळायचा. आज तोच आवाज संशोधकांच्या कामी येतो. प्रवाळांच्या खडकाजवळ पाण्यातला मायक्रोफोन ठेवून देतात, तो महिनोन्महिने ऐकत राहतो. खडक निकामी होत गेला की त्याचा आवाजही विरळ होत जातो. माशांची पिल्लं वस्तीची जागा शोधताना खडकाच्या आवाजाचा माग काढतात, म्हणजे एका बोटाएवढ्या जिवाचा कडकडाट दुसऱ्या जिवांच्या वाटेवर खूण होऊन बसतो. हे काम करणारी व्यक्ती बराचसा वेळ टेबलाशी बसून असते. समोर शेकडो तासांचं ध्वनिमुद्रण आणि हाताशी संख्याशास्त्र.

आता बाबांच्या ‘एवढ्याशा जिवा’बद्दल. खाडीच्या तळाशी कुजकी पानं, शेवाळाचे तुकडे, मेलेले जीव साचतात. त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढते. कोळंबी हा गाळ चिवडते, खाते, उरलेल्याचे आणखी बारीक तुकडे करते आणि मग स्वतः माशाच्या तोंडी जाते. मासा पान खात नाही, पण पानातली ऊर्जा कोळंबीच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचते. व्यापारी महत्त्वाच्या बऱ्याच जातींची अंडी समुद्रात पडतात, पिल्लं खाडीत आणि कांदळवनात शिरतात, वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. म्हणूनच किनाऱ्यावरचं कांदळवन तुटलं की त्याचा फटका दूर समुद्रात बसतो. खोल पाण्यातल्या कितीतरी जाती रात्री वर येऊन चरतात आणि उजाडायच्या आत खाली उतरतात. पृष्ठभागाजवळचं अन्न त्या अशा रीतीने खोलवर घेऊन जातात. देवमासे ज्या क्रिलवर जगतात ते दिसायला कोळंबीसारखे असले तरी कोळंबी नव्हेत, हेही बाबांना सांग. या भेदातच एक अख्खा व्यवसाय आहे.

वर्गीकरणतज्ज्ञाचं काम जवळून बघ. कोळंबी आडवी धरायची आणि पोटाचा दुसरा खंड बघायचा. त्याची कड पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही खंडांवर चढलेली असेल, तर ती एका गटातली. तिची मादी अंडी पोटाखाली घेऊन फिरते. प्रत्येक खंड कौलांसारखा फक्त मागच्या खंडावर आला असेल, तर बहुधा दुसऱ्या गटातली, अंडी पाण्यात सोडून देणारी. इथे चूक झाली की पुढची सगळी आकडेमोड चुकते. नमुने ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि मला ही गोष्ट मनापासून लागते. तुझ्याकडे चिकाटी असेल तर या कामाचा जरूर विचार कर.

पोहण्याबद्दल एकच उदाहरण देते. अटलांटिकच्या तळाशी, सुमारे साडेतीन किलोमीटर खोल, गरम झऱ्यांभोवती कोळंबीचे थवे असतात. त्यांना नेहमीसारखे डोळे नसतात. समुद्री जीवशास्त्रज्ञ सिंडी ली व्हॅन डोव्हर यांना या कोळंबीच्या पाठीवरचा चकाकता भाग खटकला. तो प्रकाश टिपणारा अवयव आहे, असं १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे कोणीच पोहत जात नाही. पाणबुडीयान जातं, नाहीतर यंत्रमानव. अर्थात बोटीवर काम करायची वेळ येईल, तेव्हा जिवाच्या सुरक्षिततेसाठी पोहणं शिकून घे. तेवढंच.

नोकऱ्यांचं मात्र मी गोड करून सांगणार नाही. निव्वळ संशोधनाच्या कायम जागा थोड्या असतात. जास्त संधी मत्स्यसाठ्याचा अंदाज, रोगनिदान, पर्यावरण पाहणी आणि संवर्धन तलाव इथे आहेत. तलावाला कमी लेखायचं कारण नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने १९९०च्या दशकात कितीतरी तलाव रिकामे केले, आणि ते शास्त्र जाणणारी माणसं तिथे अजून लागतात. साठ्याचा अंदाज म्हणजे तर गणितच. उत्तरेकडच्या थंड पाण्यातली एक कोळंबी आधी नर असते आणि मोठी झाल्यावर मादी होते; म्हणजे मोठ्या मोठ्या वेचून पकडल्या की माद्याच जातात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या मेनच्या आखातात तिची संख्या इतकी घसरली, की २०१४ च्या हंगामापासून मासेमारी बंद करावी लागली. किती पकडायच्या, कधी थांबायचं, हे कुणीतरी मोजून सांगावं लागतं.

तेव्हा पदवीला कोळंबी हा विषय शोधत बसू नकोस. प्राणिशास्त्र किंवा जीवशास्त्र घे आणि त्याला संख्याशास्त्राची जोड दे. आर किंवा पायथन यांपैकी संगणकाची एक भाषा शीक. गणितात कच्ची म्हणजे नेमकी कुठे, ते शोध. बऱ्याच मुलांचं अपूर्णांक आणि आलेखाशीच अडलेलं असतं, आणि ते काही महिन्यांत सुटतं.

आजपासून एक काम कर. प्रवाळ खडकावरचं एखादं ध्वनिमुद्रण इंटरनेटवरून मिळव, आवाजाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघड आणि एका मिनिटात किती कडकडाट आहेत ते मोज. मग तेच मिनिट पुन्हा मोज. दोन आकडे जुळणार नाहीत. ते का जुळले नाहीत, हे लिहून मला पाठव.