फेंडरच्या ‘प्रिसिजन बेस’ या बेस गिटारची स्वस्त कॉपी घेऊन ती सुधारावी का?

हो, जरूर घ्या, पण पैसे नेक, म्हणजे गिटारची लांब मान, बघून द्या. सुतार फळी एका डोळ्यानं न्याहाळतो तसं हेडकडून, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाकडून, नेकची कड बघा. पीळ असेल तर परत ठेवा, तो घरी निघत नाही. किंचित बाक चालतो, मात्र ट्रस रॉड, म्हणजे बाक कमी-जास्त करणारी नेकच्या आतली सळई, फिरतोय ना, हे विक्रेत्यासमोरच तपासा. मग चारही तारांवर प्रत्येक फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) वाजवा.

पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडणारा भाग, वाईट असला तरी घाबरू नका, तो बदलता येतो. फेंडर कंपनीनं प्रिसिजन 1951 मध्ये आणला आणि 1957 मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप दिला. दोन्ही तुकडे उलटसुलट जोडलेले असल्यामुळे विजेची गुणगुण एकमेकांत विरते. नवा घेण्याआधी जुन्याची लांबी-रुंदी मोजा, कारण काही कॉप्यांमधली पिकअपची खाच वेगळ्या मापाची असते आणि मग लाकूड कोरावं लागतं.

माझं ऐकाल तर आधी नव्या तारा आणि नीट सेटअप, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवणं. अर्धी तक्रार तिथेच मिटते! त्यानंतर नॉबखाली बसणारे 250 किलोओमचे चांगले पॉट आणि टोनसाठी 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. खर्च थोडा, पण नॉब फिरवताना होणारी खरखर जाते. सोल्डरिंग येत नसेल तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या, वायरिंगचा नकाशा सोबत द्या.

मूळ पिकअप आणि स्क्रू मात्र टाकू नका, पुढे विकताना लागतात.