ट्रॅकलेस राइडमध्ये डिझाइनला खरंच जास्त वाव असतो, की ती नुसती फॅशन आहे?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला थीम पार्कचा प्रोजेक्ट घेतलाय, त्यात एक ट्रॅकलेस राइड दाखवायची आहे, आणि गाइड म्हणतात, "रूळ काढून काय मिळवलं? गाडी शेवटी ठरलेल्या वाटेनेच जाते ना?"

गाइडचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं आधी मान्य केल्याशिवाय ही राइड नीट डिझाइन करता येणार नाही.

मी राइड डिझायनर नाही. कोल्हापुरात गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो. आमच्याकडे कास्टिंगचे ट्रे इकडून तिकडे नेणाऱ्या दोन एजीव्ही आहेत, म्हणजे ड्रायव्हर नसलेल्या बुटक्या गाड्या. ट्रॅकलेस राइडची गाडी ही तिचीच नटूनथटून आलेली बहीण. बॅटरीवर चालते, चाकं किती फिरली ते मोजते, जमिनीत बसवलेल्या खुणांवरून आपण नक्की कुठे आहोत ते पडताळते आणि कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरशी सतत बोलत राहते. वाट आखलेली असतेच. फक्त ती लोखंडाऐवजी सॉफ्टवेअरमध्ये असते. जत्रेतल्या डॅशिंग कारशी तिचा काही संबंध नाही. तिथे स्टिअरिंग पोरांच्या हातात असतं, इथे बसणाऱ्याच्या हातात काहीच नसतं.

मग वाव कुठे आहे? ते मला थीम पार्कात नाही, आमच्या शॉपमध्येच पहिल्यांदा दिसलं.

एजीव्ही आणल्या त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. व्हीएमसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, लायनीपुढे गँगवेचा (ये-जा करायच्या वाटेचा) एक चौक आहे. दोन्ही गाड्या एकदमच तिथे पोचल्या. एकमेकींना सेन्सरने बघितलं आणि दोघी थांबल्या. मग दोघी एकदम पुढे सरकल्या, परत थांबल्या, जराशा मागे आल्या. परत पुढे. सेटिंगमधली चूक होती, अग्रक्रम कुणाला ते भरलेलंच नव्हतं. पण शिफ्टमधली पोरं कामं सोडून बघत उभी राहिली आणि हसून हसून बेजार झाली. एकजण म्हणाला, "लग्नघरातल्या विहिणी हैत ह्या. आधी तुम्ही, न्हाई न्हाई, आधी तुम्हीच!" त्या दिवसापासून त्यांची नावं पडली थोरली विहीण आणि धाकटी विहीण. आजही ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये कुणीतरी तसंच लिहून ठेवतं.

आता बघा. हीच गाडी आठवडाभर एकटी फिरत होती, तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. दुसरी समोर आली, दोघींमध्ये काहीतरी घडल्यासारखं वाटलं, आणि लोकांना लगेच त्यात माणसं दिसली. माझ्या मते ट्रॅकलेस राइडची सगळी ताकद एवढ्यातच आहे. गाडी कुठेही जाऊ शकते हा मुद्दा दुय्यम. गाड्या एकमेकींपासून फुटू शकतात, परत भेटू शकतात, आडव्या जाऊ शकतात, एकीला दिसलेलं दुसरीपासून लपवून ठेवता येतं, हा खरा मुद्दा. रुळावरच्या गाड्या म्हणजे रांगेतली माणसं. पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

हे एका दिवसात सुचलेलं नाही. फ्लोरिडात डिस्नेच्या एपकॉट पार्कमध्ये १९८२ साली युनिव्हर्स ऑफ एनर्जी सुरू झालं, तिथे थिएटरच्या बाकांचे अख्खे भाग जमिनीत पुरलेल्या तारेचा माग काढत प्रेक्षकांसकट चालायला लागायचे. फ्लोरिडातल्याच डिस्नेच्या दुसऱ्या पार्कात टॉवर ऑफ टेररमध्ये १९९४ साली लिफ्टची गाडी आपल्या शाफ्टमधून बाहेर पडून मजल्यावरून आडवी चालत दुसऱ्या शाफ्टमध्ये शिरायला लागली. पण गाड्यांनी एकमेकींशी खेळायचं, हे टोकियो डिस्नेलँडच्या पूज हनी हंटपासून खऱ्या अर्थाने सुरू झालं. साल २०००. मधाच्या मडक्यांसारख्या गाड्या तिघी-तिघींच्या गटाने सुटतात, आणि स्वप्नाच्या खोलीत वेगवेगळ्या गटांतली मडकी एकमेकांत मिसळून गिरक्या घेतात. आपल्या गटातलं मडकं कुठलं हेच विसरायला होतं म्हणतात.

मी स्वतः बसलोय ती एकच, हाँगकाँगची मिस्टिक मॅनर (२०१३). आम्ही बहिणीच्या कुटुंबासकट सात जण होतो आणि गाडीत जागा सहांना, त्यामुळे मी मागच्या गाडीत परक्या लोकांबरोबर. चार गाड्या एकदम सुटल्या. पहिल्या दालनात माकडाने जादूची संगीतपेटी उघडली, तोवर सगळ्या एकत्र होत्या. मग फुटल्या. मधेच एका वळणावर माझी मुलगी तिच्या गाडीतून समोरून आडवी गेली, तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत. बाबा मागे होता, तो तिकडून कसा आला! बाहेर पडल्यावर पाऊण तास दोघांची उलटतपासणी चालली होती. तुला ते दिसलं का, मग मला का नाही दिसलं. त्या घरातली चित्रं आणि शस्त्रं मी आता बरीचशी विसरलोय, तिचा तो चेहरा तेवढा आठवतो. आणि तो कुठल्याही सेटचा भाग नव्हता.

आणखी एक गंमत. जमिनीवर रूळ दिसत असला की डोळे आपसूक पुढचं वळण वाचतात आणि अंग आधीच त्या बाजूला कलतं. रूळ नसला की अंगाला काहीच सुगावा लागत नाही. २०२० साली फ्लोरिडात सुरू झालेल्या मिकी-मिनीच्या रनअवे रेल्वेने तर याचाच डाव केला. इंजिन आणि मागे डबे अशी चक्क आगगाडी येते, गूफी ड्रायव्हर. माणूस मनात रूळ धरून बसतो. मग इंजिन डबे सोडून निघून जातं आणि डबे चौफेर पांगतात. मी फक्त व्हिडिओ बघितलाय, तरी त्या जागी मी "अरे!" म्हणालो होतो. रूळ नाहीत ही गोष्टच तिथे कथेचा भाग झालीय. अशी कल्पना सुचत असेल तरच ट्रॅकलेस घ्यावं.

उलटी उदाहरणंही आहेत. गाड्या सुटतात, फिरतात आणि भल्यामोठ्या पडद्यासमोर जाऊन ओळीने उभ्या राहतात, असं असेल तर गाइड म्हणतात तेच खरं, फॅशन. पडदाच बघायचा तर खुर्च्या खिळ्याने ठोकल्या तरी चालतील. ऑर्लँडोच्या सीवर्ल्डमधल्या पेंग्विनच्या राइडमध्ये (२०१३) सौम्य आणि जोरदार असे दोन पर्याय होते. पण फरक काय, तर गाडी किती हिसके देणार एवढाच. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंगच्या सिम्बोलिकात (२०१७) मात्र बसण्याआधी तीन सफरींतली एक निवडायची असते आणि मधल्या काही खोल्या त्यानुसार वेगळ्या मिळतात. परत रांगेत उभं राहायला हे कारण पुरतं.

आता तुमच्या गाइडना पटेल असा हिशोब. ही आमची रोजची भाकरी आहे, सायकल टाइम, म्हणजे कामाच्या एका फेरीला लागणारा वेळ.

समजा रुळावरची राइड आहे आणि दर १५ सेकंदांनी सहा जणांची एक गाडी सोडायची. तासाला २४० गाड्या, १,४४० माणसं. पण मग कुठल्याही प्रसंगापुढे कुठलीच गाडी १५ सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही, मागची येऊन पाठीला लागेल. म्हणून तर अशा बहुतेक राइड सरकत राहतात आणि प्रसंग नुसते बाजूने निघून जातात. आता त्याच चार गाड्या एका गटाने, मिनिटाला एक गट, अशा ट्रॅकलेस सोडा. माणसं तेवढीच. पण प्रत्येक खोलीला एका गटासाठी आता अख्खं मिनिट मिळालं. आणि एखाद्या प्रसंगाला दोन मिनिटं हवी असतील तर त्या खोलीच्या दोन प्रती बांधायच्या, एक गट डावीकडे, पुढचा उजवीकडे. आम्ही हेच करतो. बोरिंगचं, म्हणजे भोक मोठं करायचं, ऑपरेशन वेळ खातं म्हणून तिथे दोन मशीन, बाकी ठिकाणी एक. ट्रॅकलेसमध्ये डिझायनरला सगळ्यात जास्त काय मिळत असेल तर थांबायची सवड. खुल्या जागेचं कौतुक सगळे करतात, या सवडीबद्दल कुणी बोलत नाही.

आता माझ्या डोक्यातली राइड सांगतो, तुम्हाला हवी तर घ्या. पन्हाळा ते विशाळगड, जुलै १६६०. सिद्दी जौहरचा वेढा, आषाढातली रात्र, पाऊस. आणि मुख्य म्हणजे दोन पालख्या! एकीत महाराज, दुसरीत त्यांच्यासारखा दिसणारा शिवा काशीद. आपल्या मातीत ट्रॅकलेस राइडसाठी इतकी आयती कथा दुसरी नसेल. पालखी हे वाहनच मुळात बिनरुळाचं.

चार गाड्या गडावरून एकत्र निघतात, राजदिंडीच्या वाटेने खाली. धुकं. मी एकदा पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड चालत गेलोय. रात्री चिखलात पुढच्याच्या बॅटरीचा उजेड तेवढा दिसतो, वाट दिसतच नाही. ती भावना रूळ दिसला की मेली. तर त्या धुक्यात एक गाडी न सांगता फुटते. बसलेल्यांना वाटतं आपण बरोबरच चाललोय. आणि मग मशाली, घेराव, थेट जौहरच्या छावणीत. आपण खोट्या पालखीत होतो हे त्यांना तिथे कळतं. उरलेल्या तिघींपैकी एक घोडखिंडीत बाजीप्रभूंपाशी थांबते. दोन विशाळगडाकडे पळतात.

आणि इथे माझा आवडता भाग. त्या दोन गाड्या गडावर पोचल्या की तोफा वाजतात. खिंडीत थांबलेल्यांना त्याच तोफा भिंतीपलीकडून ऐकू येतात, तेव्हाच तो प्रसंग संपतो. रेकॉर्ड केलेला आवाज नको, पलीकडची गाडी खरोखर पोचली म्हणून झालेला आवाज हवा. पलीकडच्यांना उशीर झाला तर खिंडीतल्यांना जास्त वेळ तग धरावा लागेल. हे रुळावर करून दाखवा म्हणावं गाइडना.

हिशोब इथेही लावा. मिनिटाला एक गट, त्यातली एकच गाडी खिंडीत जाणार, तिथे दोन मिनिटं, म्हणजे खिंडी दोन. जौहरची छावणी दीड मिनिट, म्हणजे छावण्याही दोनच. आणि पलीकडचा उशीर किती चालेल ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर मागची खिंड मोकळी व्हायच्या आत पुढची गाडी दारात उभी राहील. इमारत फुगते ती अशी. प्लॅन काढायला बसाल तेव्हा पहिला धक्का हाच बसेल.

आमच्या रंकाळ्यावरच्या कट्ट्यावर हे सांगितलं तर एक मित्र भडकलाच. "महाराजांवर राइड? पाळणा वाटला व्हय तुला?" त्याचं म्हणणं मी गंभीरपणे घेतलं. उड्या, हिसके, फोटो काढायचा कॅमेरा यातलं काही त्यात नको. शिवा काशीदांच्या पालखीत बसलेला माणूस किंचाळत नाही, गप्प होऊन बाहेर यायला हवा. ते जमणार नसेल तर कथा बदला. गाड्यांचा खेळ तोच ठेवून चोर-पोलीस करा, चालेल.

आता तोटे, कारण ज्युरी तेच विचारणार. या गाड्या सावकाश असतात. वेगाचा थरार हवा असेल तर रूळच घ्या. बॅटरी लागते, ती माणसं चढता-उतरतात त्या थांब्यावर थोडी थोडी भरून घ्यावी लागते, म्हणून तो थांबा मोठा ठेवा. आणि फरशी! फरशीबद्दल कुणी बोलत नाही आणि तिच्यावरच सगळं उभं असतं. आमच्या पहिल्या गाड्या चुंबकी पट्टीवर चालायच्या. पट्टी सप्लायरने मोठ्या तोऱ्यात चिकटवून दिली. ओतीव लोखंडाची बर, म्हणजे बारीक कीस, उडून तिला चिकटायला लागली, दोन आठवड्यांत पट्टीला दाढी आली आणि गाडी झोकांड्या खायला लागली. रोज सकाळी एक माणूस खराटा घेऊन पट्टी झाडायचा. ऑटोमेशन म्हणतात ते हेच. तुमच्या राइडमध्ये बर नसेल, पण पावसातून आलेल्या हजारो ओल्या चपला, सांडलेलं सरबत आणि धुक्याच्या मशीनचा ओलावा असेल. पन्हाळ्याच्या कथेत तर धुकं हवंच आहे. तेव्हा सेक्शन काढताना फरशीचा उतार, पाणी जायची जागा आणि बंद पडलेली गाडी ढकलून ठेवायला प्रत्येक दोन खोल्यांमागे एक कोनाडा दाखवा.

प्लॅनआधी एक करा. सेकंड शिफ्ट सुटल्यावर आम्ही कँटीनमध्ये चाकाच्या चार खुर्च्या, फरशीवर खडूच्या वाटा आणि एक स्टॉपवॉच घेऊन ही पन्हाळ्याची राइड ढकलून बघितली. तिसऱ्या फेरीला छावणीतून सुटलेली खुर्ची आणि विशाळगडाची खुर्ची दारात समोरासमोर आल्या आणि दोन्ही ढकलणारे एकदम थांबून म्हणाले, "जावा तुम्ही." कागदावर ते दार एक होतं. आता दोन आहेत.