"तिने आधीच काहून नाही सांगितलं?"

प्रश्न : बाई, मी बी.ए.ला आहे. मोपासाँची 'द नेकलेस' (१८८४) आणि ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' (१९०५) यांची तुलना लिहायची होती. कथानक, पात्रं, वातावरण, शेवट असे रकाने पाडून चार पानं लिहिली. सरांनी 'हे तर कथासार' असा शेरा मारला. संज्ञा तर सगळ्या वापरल्या होत्या! मग चुकलं कुठे?
— एक विद्यार्थिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बेटा, सरांवर रागावू नको. असे रकाने पाडलेले गठ्ठेच्या गठ्ठे मीही तपासलेत.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी कूलरसमोर लोळणाऱ्या नातवंडांना मी याच दोन गोष्टी सांगितल्या. मोपासाँच्या कथेतली मातिल्द मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून नेते, हरवते. नवरा चिठ्ठी लिहायला लावतो : कडी तुटली, दुरुस्तीला दिलाय. मग ३६,००० फ्रँकचा तसाच हार गुपचूप परत, दहा वर्षं कर्जफेड, आणि शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. नात ताडकन उठून बसली, "पण आजी, तिने आधीच काहून नाही सांगितलं?"

हा प्रश्न तुझ्या चार पानांत असता तर तो शेरा आला नसता. हार हरवणं ही नुसती घटना झाली. न सांगणं हा मातिल्दचा स्वभाव. आपली गरिबी कुणाला दिसू नये म्हणून जी हार मागून आणते, ती तो हरवल्याचं कसं कबूल करेल? कथानक पात्रचित्रणातून निघतं ते असं. तुझे दोन रकाने एकाच वाक्यात आले की नाही?

आता ओ. हेन्रीची डेला बघ. नवऱ्याच्या, जिमच्या घड्याळाला साखळी घ्यायला ती केस २० डॉलरला विकते, त्याला न सांगता. तो तिच्या केसांसाठी कंगवे आणतो, घड्याळ विकून, तिला न सांगता. तुलनेची खुंटी इथे ठोक. दोन्ही कथा लपवण्यावर उभ्या आहेत; एक लाजेपोटी, दुसरी मायेपोटी.

निवेदक दोन्हीकडे तृतीयपुरुषी, पण तेवढ्यावर थांबू नको. तो आपल्यापासून काय लपवतो ते विचार. मोपासाँचा निवेदक हार खोटा असल्याचं मैत्रिणीच्या तोंडून अगदी शेवटच्या वाक्यात सांगतो आणि उठून जातो. मातिल्दचा चेहरासुद्धा दाखवत नाही. ओ. हेन्रीचा निवेदक डेलाच्या सोबतच राहतो, म्हणून घड्याळाचं आपल्यालाही उशिरा कळतं. पण कलाटणीनंतर तो पुढे येऊन सांगतो की हीच दोघं खरी शहाणी. मला हे समजावणं जरा जास्तच वाटतं. तुला आवडलं असेल तर तसं लिही, फक्त कारण दे.

वातावरणात शहरांची नावं लिहून भागवलं असशील. त्यापेक्षा पैसे मोज. ओ. हेन्री सुरुवातच १ डॉलर ८७ सेंटपासून करतो. मोपासाँ मातिल्दच्या पोशाखाचे ४०० फ्रँकही सांगून ठेवतो. घरात किती चणचण आहे हे आकड्यांतून कळतं, म्हणून दोघींची धडपड पटते.

नातीचा प्रश्न खुशाल उचल. ती काही तक्रार करायची नाही.